पट्ट्याखालचा कान

कंपनीची वाहिनी बागेच्या मधोमध जाणार हे कळलं, तेव्हा पिंपळदऱ्यातल्या बहुतेकांना वाटलं होतं, की हेमराज रेवतकर आता काही बाग सांभाळत नाहीत. राजस्थानच्या वाळवंटात तयार होणारी सौर वीज दक्षिणेतल्या शहरांना पोचवणारी ती जमिनीखालची वाहिनी होती. काटोलच्या पुढे ती त्यांच्या शिवारात शिरली आणि रेवतकरांच्या बागेचे सरळ दोन तुकडे करून नाल्याकडे निघून गेली. जमीन हेमराजांचीच राहिली, पण तिच्या मधल्या पट्ट्यावर अटी आल्या. तिथे घर बांधायचं नाही, विहीर खोदायची नाही, खोल मुळांचं झाड लावायचं नाही. दुरुस्तीला कंपनीची माणसं आली तर वाट अडवायची नाही. त्यांच्याकडून पिकाचं नुकसान झालं तर त्यांनी भरून द्यायचं.

भरात आलेली संत्र्याची झाडं मुळासकट निघाली त्या दिवशी हेमराज घराबाहेर पडले नाहीत. त्यांची बायको वनमाला मात्र डोक्यावर पदर घेऊन बांधावर उभी राहिली. शेवटचं झाड ट्रॉलीत चढेपर्यंत ती हलली नाही. संध्याकाळी चहा देताना ती एवढंच म्हणाली, की झाड नको म्हणतात ते लोक, रोप नको असं कुठं म्हटलंय?

त्या एका वाक्यातून पट्ट्यावर कलमांची रोपवाटिका उभी राहिली. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बांधायचा, तो फुटला की रोप पिशवीत वाढवायचं आणि वर्षभराने विकायचं. पिशवीतल्या रोपाची मुळं खोल जात नाहीत, त्यामुळे कंपनीची हरकत नव्हती. डोळे बांधण्यात हेमराजांचा हात बसलेला होता आणि रोपांना पाणी किती आणि कधी, हे वनमालाला बोटांनी माती चाचपून कळायचं. ती गावच्या अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झाली होती. दोघांना मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी चहा झाला की दोघं पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाफे बघत जायची आणि परत यायची. असं काही वर्षं चाललं, आणि बरं चाललं.

मग एक फोन आला.

बोलणारा माणूस फार अदबीने बोलत होता. ज्येष्ठांच्या आजारपणासाठी असलेल्या कुठल्याशा विमा योजनेचं नाव त्याने सांगितलं. मग म्हणाला, की तुमच्या घरातल्या महिलेच्या चालीत गेल्या काही महिन्यांत फरक पडलेला दिसतो. असा फरक पुढे विसरण्याच्या आजाराकडे जाऊ शकतो, तेव्हा वेळेत आमची योजना घेतलेली बरी. हेमराजांना आधी वाटलं, कोणी थट्टा करतंय. तुम्हाला काय माहीत, असं त्यांनी विचारलं. आमच्या भागीदार कंपनीच्या वाहिनीवरून कळतं, असं तो माणूस अगदी सहज बोलून गेला आणि बहुधा नको ते बोललो असं वाटून त्याने घाईने फोन ठेवला.

हेमराजांनी मान वळवून पट्ट्याकडे पाहिलं. वनमाला पाण्याचा पाइप हातात धरून एका वाफ्याशी उभी होती. वाफा कधीच भरला होता आणि पाणी वाहून पायवाटेवर आलं होतं. तिची नजर पाण्यावर होती, पण पुढे काय करायचं असतं ते तिला आठवत नसावं. असं तिला उभं राहिलेलं त्यांनी आधीही पाहिलं होतं. थकली असेल, विचार करत असेल, असं म्हणून ते आपल्या कामाला लागत आले होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि फोनवरच्या माणसाने सांगितलं होतं तेच सांगितलं. परतीच्या वाटेवर बसमध्ये वनमाला खिडकीबाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. हेमराज आयुष्यात तिच्याशी फारसं खोटं बोलले नव्हते. त्यांनी सांगून टाकलं.

"मंग आता मले जे सांगाचं, थे दोनदा सांगत जा," ती म्हणाली आणि त्यांच्या हातातली औषधांची पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली.

आजार आला याचं दुःख तर होतंच, पण हेमराजांच्या मनात त्याहून खोल एक काटा रुतून बसला. आपण जिच्याबरोबर रोज चालतो तिची चाल बदलल्याचं जमिनीतल्या एका तारेला कळलं आणि आपल्याला कळलं नाही. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही. मनातल्या मनात मात्र ते त्याच गोष्टीशी पुन्हा पुन्हा येऊन थांबायचे. तिथून त्यांचा सगळा राग कंपनीकडे वळला.

काटोलचे वकील बोंद्रे हे त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या बागेतली सगळी कलमं हेमराजांकडची. बोंद्रेंनी करारनामा वाचला, दोन-चार ठिकाणी फोन केले आणि वाहिनीचा सगळा प्रकार हेमराजांना समजावून सांगितला.

विजेच्या जाड केबलला चिकटून केसाइतका बारीक काचेचा तंतू जातो. त्या तंतूत दूरच्या केंद्रातून लेसरचे झटके सतत सोडले जातात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात कुठेतरी सूक्ष्म खोट असतेच. त्या प्रत्येक ठिकाणाहून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वर जमिनीवर कोणी पाऊल टाकलं, की माती थरथरते आणि मातीबरोबर तंतूही अगदी कणभर ताणला जातो. तेवढ्यानेही मागे फिरणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. प्रकाशाला परतायला किती वेळ लागला, यावरून ती जागा कळते. म्हणजे पट्ट्याखाली शेकडो किलोमीटर लांबीचा एक कानच पसरलेला असतो. पट्ट्यावर कोणी खोदकाम करून केबल तोडू नये म्हणून ही सोय केलेली. पण नंतर संगणकाला आवाज ओळखायला शिकवलं गेलं. ट्रॅक्टर कुठला, बैल कुठला, माणूस कुठला, हे आधी. पुढे माणसामाणसातला फरकही. प्रत्येकाच्या हस्ताक्षरासारखी प्रत्येकाची चाल वेगळी असते, आणि मेंदूत काही बिघडू लागलं तर माणसाच्या बोलण्याआधी ते त्याच्या पायांत उतरतं. एवढं सगळं हाताशी आल्यावर ते कोणाला तरी विकावं, असं कंपनीतल्या कोणाला तरी सुचलं.

हे सगळं करारात लिहिलेलं आहे का, असं हेमराजांनी विचारलं.

"तेच तर सांगतो, हेमराजभाऊ," बोंद्रे म्हणाले. "तुम्ही त्यांना वाट दिली आहे, जमीन दिलेली नाही. सातबारा आजही तुमच्या नावावर आहे. ज्या कामासाठी वापरहक्क दिला, तेवढ्याच कामापुरता तो असतो. उद्या तुम्ही शेत विकलं तरी घेणाऱ्याला तो पाळावा लागेल, इतका तो पक्का आहे. पण तो आपोआप वाढत नाही. वीज न्यायला दिलेल्या वाटेनं त्यांना पाणी न्यायचं असेल, तर पुन्हा तुमच्या दारात येऊन विचारावं लागेल. तुमच्या घरातल्या माणसाची चाल ऐकायची असेल, तरी विचारावं लागेल."

सही करताना हे कोणी सांगितलं नाही, असं हेमराज म्हणाले. सही करणारेही बहुतेक वेळा एवढंच विचारतात की मोबदला किती, असं बोंद्रे म्हणाले आणि त्यांनी वापरहक्काचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे करायचा अर्ज लिहायला घेतला.

एकट्या माणसाच्या अर्जाला वजन येत नाही म्हणून हेमराज गावभर फिरले. ज्यांच्या शेतातून पट्टा गेला होता त्या प्रत्येकाच्या ओट्यावर जाऊन बसले. बऱ्याच जणांनी ऐकल्याबरोबर सह्या केल्या. नाल्यापलीकडच्या गुलाबराव कडूंनी मात्र त्यांना दमवलं. आपली चाल कोणी ऐकली तर आपलं काय जातं, असं त्यांचं म्हणणं. हेमराजांनी वनमालाचं नाव न घेता त्यांना नाना प्रकारे समजावलं. शेवटी, तुम्ही एवढं म्हणता म्हणून, असं म्हणत गुलाबरावांनी सही केली.

पहिल्याच सुनावणीत अंतरिम हुकूम निघाला. अंतिम निकाल लागेपर्यंत पिंपळदऱ्याच्या शिवारातलं ऐकणं बंद राहील. कोणा जमीनमालकाने स्वतः होकार दिला, तर त्याच्या तुकड्यापुरतं ते सुरू करता येईल.

हे बंद केल्याचं मालकांसमोर दाखवून देण्यासाठी कंपनीने नागपूरहून एक इंजिनिअर पाठवली. फरहीन शेख तिचं नाव. अमरावतीकडची मुलगी, भरभर चालणारी आणि बोलण्यात सरळ. हेमराजांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण चेहऱ्यावरचा ताठरपणा सोडला नाही. तिने टॅब उघडून पट्ट्याचा नकाशा दाखवला. प्रकाश थांबवता येणार नाही, तो केबलचं तापमानही सांगतो. पण इथून येणारं उत्तर आम्ही आता ऐकणार नाही, असं तिने समजावलं. ती बोलत असतानाच वनमाला वाफ्यांकडून घराकडे येऊ लागली आणि पडद्यावर बारीक ठिपक्यांची एक रांग उमटत गेली. एक पाऊल पडे, मग जमिनीवरून काही घासल्यासारखी लांबट रेघ, मग दुसरं पाऊल. हेमराज ती रेघ बघत राहिले. फरहीनच्या ते ध्यानात आलं. तिने घाईने बटण दाबलं आणि पडद्यावरचा तो भाग कोरा झाला.

वनमालाने जवळ येऊन फरहीनला नीट निरखलं.

"तू कोनाची वं?" तिने विचारलं.

फरहीनने आपलं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. वनमालाने मान डोलावली आणि लहानपणी तू फार रडायचीस, आता शहाणी झालीस, असं म्हणून तिला आत जेवायला नेलं. अंगणवाडीतल्या कोणा पोरीशी तिने फरहीनचा धागा जोडला होता. फरहीननेही तो तोडला नाही. भाकरी आणि वांग्याचं भरीत खाताना ती त्या पोरीसारखी सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत राहिली. निघताना मात्र ती ओट्यावर हेमराजांपाशी थांबली. काका, मी हे यंत्र केबल तुटू नये म्हणून बसवलं होतं, ते दुसऱ्या कशाला वापरतील हे मला कोणी विचारलं नाही, असं ती म्हणाली. तिने आपला स्वतःचा नंबर दिला. हेमराजांनी तो फोनमध्ये घेतला, तो केवळ तिचा मान राहावा म्हणून.

डोळे बांधायचे दिवस आले. थंडीच्या त्या दिवसांत सावलीत बसून एकेका खुंटावर चाकूने खाच घ्यायची, त्यात डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, हे काम अंग मोडून करावं लागतं. मान वर करायला फुरसत नसते. वनमाला समोरच्या खाटेवर बसलेली असायची. हेमराज अधूनमधून तिच्याकडे बघून घ्यायचे. त्या दुपारी त्यांनी असंच वर पाहिलं तर खाट रिकामी होती.

घर पाहिलं, गोठा पाहिला. विहिरीपाशी गेले. वाकून पाहिलं, पाणी स्थिर होतं. मग एसटीचा थांबा, अंगणवाडी, देऊळ. गावातली मुलं मोटारसायकली घेऊन दोन्ही बाजूंच्या रस्त्यांनी गेली आणि हात हलवत परत आली. ऊन कलायला लागलं होतं. थंडीत एकदा सूर्य खाली गेला, की शिवारात माणूस सापडणं कठीण, आणि अंगावर एका साडीशिवाय काही नसलेली बाई रात्रभर टिकणंही कठीण.

हेमराजांनी फरहीनला फोन लावला. ज्या गोष्टीविरुद्ध त्यांनी गाव उभं केलं होतं, तीच ते मागायला निघाले होते. वनमाला सापडत नाही, तुझं ते चालू कर, एवढंच ते म्हणाले.

"तुमचा तुकडा आत्ता चालू करते, काका," फरहीन म्हणाली. ती त्या वेळी नागपूरच्या केंद्रातच होती. थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "तुमच्या हद्दीत काकू नाहीत. पुढच्या शेतांत बघायला मला त्या त्या मालकाचा होकार लागेल. त्यांनी नाही म्हणून सही केलेली आहे."

ती सही कोणी करवून घेतली होती, हे तिने बोलून दाखवलं नाही.

हेमराज वाफ्याच्या कडेला खाली बसले आणि एकेकाला फोन करू लागले. प्रत्येकाला फरहीनशी जोडून देत, तिच्यासमोर होकार म्हणवून घेत होते. कोणी शेतात होतं, कोणी काटोलच्या बाजारात, एक जण तर लग्नाच्या पंगतीत. कोणीही कारण पुन्हा विचारलं नाही. सर्वांत शेवटी त्यांनी गुलाबराव कडूंना फोन केला. सगळं सांगून ते थांबले.

"हाव म्हन त्या पोरीले," गुलाबराव म्हणाले. "आधी वयनीले पाह्य."

नागपूरच्या केंद्रात फरहीनसमोर एकेक तुकडा उजळत गेला. शेळ्यांचा कळप, एका शेतातली मोटार, बांधावरून धावणारी कुत्री. हे सगळं बाजूला काढत ती पुढे सरकत होती. आणि नाल्याच्या पार, गुलाबरावांच्या गव्हात, तिला ठिपका दिसला, मग घासत गेलेली लांबट रेघ, मग पुन्हा ठिपका.

वनमाला कुठेच वळली नव्हती. आजूबाजूला बागा, कुंपणं, बांध. एकट्या पट्ट्यावर झाड नव्हतं की घर नव्हतं. तिला पुढे मोकळी वाट दिसत गेली आणि ती त्या वाटेने चालत राहिली. हेमराज गुलाबरावांच्या शेतात पोचले तेव्हा गव्हावर तिरपं पिवळं ऊन पडलं होतं. ती दमून उभी होती. पायात चप्पल नव्हती. हातात स्टीलचा डबा होता, फडक्यात बांधलेला. मोटारसायकलवरच्या मुलांना त्यांनी हातानेच लांब थांबवलं आणि ते एकटे पुढे गेले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, ते परक्या माणसाकडे बघावं तसं. पदर सावरला.

कोणाला शोधताय, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या घरचे इकडं कलमा बांधून राह्यले," ती म्हणाली. "सकाळपासून जेवले नाई. लय लांब गेले बाप्पा."

मीच तो, असं हेमराजांना सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर ती घाबरली असती, आणि घाबरलेली ती त्यांना बघवत नसे. येतीलच ते, तोवर इथे बसा, असं म्हणून ते बांधावर बसले. तीही जरा अंतर ठेवून बसली. मुंग्यांच्या रांगेकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, तुम्ही जेवलात का. नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं.

तिने डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. घरच्या माणसाचा डबा दुसऱ्याला द्यावा की न द्यावा, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी तिने फडक्याची गाठ सोडली.

"थोडं घ्या. त्याहिलेबी पुरते."

डब्यात कोरडं ज्वारीचं पीठ होतं आणि गुळाचा एक खडा. हेमराजांनी गुळाचा तुकडा मोडला, पिठात बुडवला आणि तोंडात टाकला. दुसरा टाकला. कोरडं पीठ टाळूला चिकटलं. वनमाला त्यांना खाताना बघत होती. बघता बघता तिच्या कपाळावर नेहमीची आठी आली.

"हळू खा," ती म्हणाली. "ठसका लागते तुमाले."

ते तिचं रोजचं वाक्य होतं. घरातल्या एकाच माणसाला ती ते म्हणत आली होती. हेमराजांनी मान खाली घातली आणि हळूहळू, सांगितल्याप्रमाणे, सगळं पीठ संपवलं. मग तिला हात देऊन उठवलं आणि आपल्या चपला तिच्या पायात घातल्या.

अंतिम सुनावणीत कंपनीच्या वकिलाने त्याच दुपारचा दाखला दिला. तो माणूस काही वाईट नव्हता. आपलं काम करत होता. अर्जदारांनी स्वतःच या सोयीचा उपयोग करून घेतला, त्यामुळे त्यांच्या पत्नीचे प्राण वाचले, मग अशा सोयीला विरोध करण्यात अर्थ काय, असं त्याने विचारलं. बोंद्रे उठणार होते, पण हेमराजांनीच बोलायची परवानगी मागितली. वनमाला मागच्या बाकावर बसली होती, तिच्या शेजारी गुलाबरावांची बायको.

"साहेब, त्या दिवशी मले गरज होती, म्हनून म्या एकेकाले इचारलं," हेमराज म्हणाले. "बायको हरवली होती, तरी इचारलं. सगळ्याइनं हो म्हटलं. याहिले तर कायची घाई नव्हती. याहिनं काहून नाई इचारलं?"

अधिकाऱ्यांनी हेमराजांना बसायला सांगितलं.

निकाल महिन्याभराने आला. वीज नेण्याचा हक्क आणि ऐकण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत, असं त्यात म्हटलं होतं. ऐकण्याचा हक्क हवा तर कंपनीने तो प्रत्येक मालकाकडून निराळा मागून घ्यायचा, आणि मालकाला तो केव्हाही परत घेता येईल. ऐकलेलं आधी मालकाला कळेल; त्याला न सांगता ते कोणालाही देता येणार नाही. आणि आजवर न विचारता जे साठवलं, ते मालक म्हणेल तसं त्याच्या हवाली करायचं किंवा त्याच्यासमोर पुसायचं.

हेमराजांनी आपल्या तुकड्यापुरता होकार दिला. वनमाला पट्ट्याची हद्द ओलांडून पुढे गेली, की त्यांच्या फोनवर घंटी वाजेल, आणि फक्त त्यांच्याच. पुढच्या शेतांच्या मालकांनी आपापल्या मनाने ठरवलं. कोणी हो म्हटलं, कोणी नाही. गुलाबरावांनी हो म्हटलं, पण वयनी हरवली तरच, असं लिहून घेतलं.

जुनं साठवलेलं दाखवायला फरहीनच आली. डोळे फुटायला लागले होते. खुंटांवर हिरवे कोंब दिसत होते. वनमाला वाफ्यात वाकून सुकलेली पानं काढत होती. मधूनच ती चांगली पानंही काढायची, पण तिला कोणी टोकत नव्हतं. फरहीनने टॅब ओट्यावर ठेवला आणि हे ठेवायचं की पुसायचं, असं विचारलं.

पुसून टाक, असं हेमराज लगेच म्हणाले. कधीपासून सुरू झालं हे त्यांना बघायचं नव्हतं. किती महिने, किती वर्षं आपण शेजारून चालत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचा आकडा त्यांना नको होता. आज पहिल्यांदाच ते हे कोणाजवळ तरी बोलले. तारेला कळलं ते मला कळलं नाही, असं म्हणताना त्यांनी वाफ्यांकडे तोंड फिरवलं.

फरहीनने बटण दाबलं नाही. पुसायचं तर आधी तपासावं लागतं, म्हणून मी ते पाहिलंय, काका, असं ती म्हणाली. एक गोष्ट सांगू का, असं तिने विचारलं. हेमराजांनी मान हलवून हो म्हटलं.

"रोज सकाळी दोन माणसांची चाल आहे. सुरुवातीला दोन्ही भरभर. मग एक चाल हळू झाली, अगदी थोडी. डॉक्टरलाही कळली नसती इतकी." ती थांबली. "आणि त्याच दिवसांपासून दुसरीही हळू झाली. पहिली जितकी, तितकीच. पुढे ती थांबली, की ही थांबलेली आहे. मधे कधी तुम्ही एकटे गेलात, तेव्हा तुमची चाल पूर्वीसारखीच भरभर आहे. तुमच्या पायांत काही दोष नव्हता, काका. तुम्ही त्यांच्यासाठी हळू चालत होता."

हेमराजांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मातीने भरलेले, टाचा फुटलेले पाय. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि ते तसंच काही वेळ पंच्यात धरून ठेवलं. फरहीन त्यांच्याकडे न बघता कोंबांकडे बघत बसली.

"आता पुस," ते शेवटी म्हणाले.

तिने पुसलं. पडदा कोरा झाला, तेवढ्यात वाफ्यातून वनमालाने हाक मारली. कोणाला ते तिलाही नक्की माहीत नसावं, पण दोघंही उठली. हेमराज तिच्यापाशी गेले, तिच्या मुठीतली पानं आपल्या हातात घेतली, आणि दोघं पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली. फरहीनने टॅब बॅगेत टाकला आणि त्यांच्यामागून निघाली. तिला परतीची गाडी गाठायची होती. एरवी ती भरभर चालणारी मुलगी. पण वाफ्यांच्या मधली वाट अरुंद होती, आणि पुढे चालणाऱ्या त्या दोघांना ओलांडून जावं असं तिला वाटलं नाही.